चितेगावची तीन मॅन्डोलिनं

हसाल, पण मी मॅन्डोलिन चावून बघितलंय.

दादा भीमगीतांच्या पार्टीत वाजवायचा. तो गेला तेव्हा मी कुणाला न विचारता त्याचं मॅन्डोलिन सरणावर ठेवलं. पुढं त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला पार्टी गाणार होती. वाजवणारा मिळाला, पण वाद्य कुठून आणणार? मी एकटाच तडक चितेगावला गेलो. तिथं एक चाचा हातानं मॅन्डोलिन बनवतात. भावाच्यासारखं हवंय म्हटल्यावर त्यांनी तीन समोर ठेवली. दादा सूर लावताना टोक दातात धरून तार छेडायचा, तसंच मी केलं. तिन्ही सारखीच झणझणली.

"अरे, ऊस हाय का तो?" चाचा म्हणाले. "भावाचं कसं वाजायचं ते सांग."

"काय माहीत. तो सरावाला बसला की मी झोपायचो."

चाचांनी कपाळाला हात लावला अन् एकेक वाजवायला घेतलं. पहिलं झालं, दुसरं झालं, मला काहीच कळेना. तिसरं सुरू झालं, अन् पुढचं मला आठवत नाही.

जागा झालो तेव्हा डोक्याखाली चाचांची उशी होती. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच माझा डोळा लागला होता.

"तिसरं बांधून ठेवलंय," चाचा म्हणाले.