काकांचे हात आणि जीपचं स्टेअरिंग

अरे, राइट टाउन मोहल्ल्यातल्या आमच्या काकांनी त्यांची लाडकी जुनी जीप विकायला काढली होती, ते सांगितलं का तुम्हाला? स्टेअरिंग वळवताना त्यांना घाम फुटायचा. मी म्हटलं, "काका, गाडी एकदा तपासून तर घेऊ." तर म्हणाले, "गाडीला काहून दोष देऊन राहिला? माझ्याच हातातलं बळ गेलं. वय झालं आता."

रविवारी जवळच्या पाटन गावाहून एक हिंदी बोलणारं गिऱ्हाईक आलं. चांगला पहिलवान गडी. जीप कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली आणि दंड चोळतच खाली उतरला.

"अंकल जी, इसका स्टेअरिंग तो बहुत भारी है."

काका खुर्चीतून उठले. "आपको भी भारी लगा?"

"कंधा उतर गया, अंकल जी."

काकांनी त्याला चक्क मिठी मारली. मग दोघांनी जॅक लावून पुढची चाकं उचलली, चाकांवरचा भार गेला, तरी स्टेअरिंग जडच. चाकं ज्यांवर वळतात, त्या किंगपिनमधलं ग्रीस पार सुकलं होतं. ताजं ग्रीस भरलं, तसं स्टेअरिंग सहज फिरायला लागलं. पहिलवान खूश झाला.

"चलो, अब मैं ले ही जाता हूँ."

काका शांतपणे म्हणाले, "चाय पी के जाओ भैया. गाड़ी तो अब मैं चलाऊँगा."