पत नाही, निम्मे भरा

—नाही हो मावशी, भांडण वगैरे काही नाही, सोसायटीच्या कारकुनाने नुसतं पेनाला टोपण लावलं. पण मला तिथेच चुकल्यासारखं वाटलं. अर्ज पुरा व्हायचा होता, खाली दोन रकाने मोकळे होते, असा मधेच टोपण लावतो का कोणी? आमच्या बांनी अंगठा उठवला, त्याने अंगठ्याकडे पाहिलं, ड्रॉवरमधून एक कागद काढून त्याच्याकडे पाहिलं, परत अंगठ्याकडे, आणि टक्— आई गं, काय पडलं? शिक्का होय. हे पोस्टातले लोक पत्रावर शिक्का मारतात की वैऱ्यावर, कळत नाही.

सांगते ना. यवतमाळचा कॉल लागेपर्यंत बसायचंच आहे, आणि गप्प बसले तर माझे पाय हलतात, तुमची पिशवी सांडेल. तर इथल्या घरबांधणी सोसायटीचं चार हजारांचं घर आहे— दोन खोल्या, मागे मोरी आणि स्वतःचं दार. घर सोसायटीकडे गहाण, वीस वर्षं हप्ते. आधी हातचे किती भरायचे? पत असली तर चौथाई, म्हणजे हजार. नसली तर निम्मे. हजार आहेत आमच्याकडे. याडीने— म्हणजे आईने, आम्ही फुलसावंगीकडच्या तांड्यावरचे— तिने दोन हंगाम नवा घागरा शिवला नाही. आणि घर कशाला म्हणाल, तर मी इथल्या शाळेत शिकवते. पहिल्या खोलीची मालकीण म्हणाली, खोली सोड, माझा भाऊ येणार आहे. दुसरी म्हणाली, दीर येणार आहे. लमाणाची पोर दारात आली की या उमरखेडात सगळ्यांचे नातेवाईक एकदम प्रवासाला निघतात. तेव्हा बा म्हणाले, दुसऱ्याच्या दारात कायले उभी राह्यतं, आपलं दार घेऊ.

तर टोपण लावून कारकून काय म्हणतो? "धावजी, तुम्हाला पत नाही. निम्मे भरा." आता त्याच्या कचेरीत पत म्हणजे काय— पूर्वी कोणाकडून घेतलं, वेळेवर फेडलं का, त्याची नोंद. रजिस्टरातली गोष्ट. पण तांड्यावर पत म्हणजे अब्रू, मावशी. पत नाही म्हणजे चार माणसांत बसायचं नाही. आणि बाकावर तर दहाजण बसलेले, त्यातले तीन आमच्याच तांड्यावरचे. बा पागोटं सावरत उठले. म्हणाले, "मले पत नाही? मी कोनाचा पैसा ठेवला, त्याले माह्यासमोर आन." आणि खरं आहे ते. आमचे बा हॉटेलात चहाचे पैसे चहा यायच्या आधी ठेवतात. हॉटेलवाला म्हणतो, धावजी, आधी पिऊन तर पाहा, आज दूध नासलंय. तरी ठेवतात.

आणि आमच्यामागे होते वामनराव. त्यांनी गावात कोणाकडून घेतलं नाही? शेजारच्या विमलताईंचं घेऊन बँकेला देतात, बँकेचं घेऊन मेव्हण्याला देतात, मेव्हण्याचं घेऊन विमलताईंना. त्या एका बिचाऱ्या रुपयाला झोप म्हणून नाही. पण प्रत्येक वहीत लिहिलेलं— वेळेवर फेड. चौथाईवर घर मिळालं त्यांना. पाच मिनिटांत. कारकुनाने चहासुद्धा मागवला.

परत येताना मीच बांना समजावलं. कॉलेज शिकलेली ना मी, फार छान समजावते. म्हटलं, ज्याने कधी घेतलंच नाही तो फेडेल की नाही, हे सोसायटीला कुठून कळणार? बा म्हणाले, "म्हनजे आधी उसनं मागत फिरा, मंग भला मानूस?" मी म्हटलं हो बा, असंच असतं. आणि असतंही, खोटं नाही काही त्यात, फक्त तो कागद—

कुठला कागद? काही नाही. ड्रॉवरमधला. मी उलटा वाचला तो. मास्तरणींना येतं तसं, पोरांच्या पाट्या समोरून वाचून वाचून... जाऊ द्या.

नायलॉनची साडी होती, मावशी. मोरपिशी. कॉलेजच्या सहकारी भांडारातून, अडतीस रुपये, महिन्याला चार. वसतिगृहातल्या सगळ्या मुलींकडे होती आणि मी आपली सुती नेसून कोपऱ्यात— हसा तुम्ही, हसा. पाच हप्ते भरले, मग परीक्षा आली, मग वसतिगृह सुटलं. अठरा रुपये राहिले, त्याला तीन वर्षं झाली. आणि हमीदार पालक लागायचा. आता बांना कपाशीच्या वेचणीतून उठवून यवतमाळला कोण नेणार, आणि काय सांगून, साडीसाठी? मीच केली सही. "धावजी राठोड." ठसठशीत, वेलांटीला शेपटी काढून. अंगठा उठवणाऱ्या माणसाची इतकी सुंदर सही जिल्ह्यात कोणाची नसेल. भांडाराच्या थकबाकीच्या यादीबरोबर तो हमीचा कागद इथल्या सोसायटीत आलाय. कारकुनाला वाटतं, बांना सही येते आणि मुद्दाम अंगठा लावतात. लबाड म्हातारा.

आणि मी, मावशी, वर्गात प्रगतिपुस्तकांवरच्या खोट्या सह्या पकडते. परवाच एका पोराला बाकावर उभं केलं. रडत होता तर म्हटलं, आता कशाला रडतोस?

बा? बा बाजारात आहेत. बैलजोडी विकायला. दुसरे हजार कुठून येणार? शनिवारी सोसायटीची बैठक, तोवर भरले नाहीत तर घर यादीतल्या पुढच्याला. सकाळी गेलते मी बाजारात, सांगायलाच गेलते. बा गिऱ्हाइकाला बैलाचे दात दाखवत होते, आणि वर आपणच सांगत होते की डावा थोडा हट्टी आहे बरं, नाल्यात उतरत नाही. असं कोणी सांगतं का विकताना? मी बांबूच्या ढिगामागून पाहिलं आणि परत फिरले.

अठरा रुपये सकाळीच भांडाराला तारेच्या मनिऑर्डरने पाठवले. मग कॉल कशाला? तेच तर. भांडाराच्या चिटणीसांनी सोसायटीला फोन करायला हवा ना, चारच्या आत, बैलांचा सौदा व्हायच्या आत. पण नुसतं 'भरले' म्हटलं तर काय लिहितील? धावजीने तीन वर्षं थकवले, मग भरले. झालं, परत निम्मे. बांचं नावच त्या यादीत नको असेल तर सही त्यांची नव्हती, हे सांगायला लागतं. आणि ते सांगितलं की संध्याकाळपर्यंत आमच्या हेडमास्तरांना कळलंच समजा— ते आणि सोसायटीचा कारकून एकाच टपरीवर पान खातात. नोकरी माझी अजून कच्ची आहे. नोकरीच गेली तर उमरखेडात घर घेऊन काय करायचं, वामनरावांना भाड्याने द्यायचं?

नुसतं भरले म्हणून सांग, म्हणता? मीही तेच ठरवून आले होते. दीड तास तेच घोकतेय इथे— भरले, भरले, भरले. पण बा घरी येतील तेव्हा त्यांच्या हातात नुसता कासरा असेल, आणि मी परत समजावणार, असंच असतं बा...

कोण? मी? यवतमाळ लागलं? अगं बाई, माझी चप्पल कुठे— मावशी, सरका जरा, आणि तुम्ही बाहेर उभ्या राहा बरं, ऐकू नका. नाही, खरंच जा.

हॅलो? हॅलो, भांडार का? हो, धावजी राठोड यांच्या खात्याबद्दलच. नाही, ते नाहीत. सही करणारी बोलतेय.