क्लाइव्हचा हूक

टाउन्सव्हिलच्या बेकरीत सॉसेज रोलसाठी रांग होती. माझ्यापुढे बूम लिफ्टवर, म्हणजे लांब लोखंडी हाताने माणसाचा पाळणा उंच नेणाऱ्या गाडीवर, काम करणारा क्लाइव्ह, अंगावर सेफ्टी बेल्ट तसाच, आणि त्याची मुकादम नोलीन.

"उद्या स्टेडियमचे दिवे बदलायला तुला वर पाठवणार नाही मी."

"का गं?"

"बेल्ट घालतोस, पण त्याचा हूक कुठेच अडकवत नाहीस."

"ते जुनं झालं. आता हात आपोआप अडकवतो."

"मागच्या महिन्यात हेच म्हणालास, आणि हूक पाठीमागे लोंबत होता! चाक खड्ड्यात गेलं ना, तर पाळणा गोफणीसारखा भिरकावेल तुला. मग तुझ्या बायकोला, शर्लीला, मी काय तोंड दाखवू?"

"अगं, खरंच सवय लागलीय."

"थापा मारू नकोस."

"पुढे या, कोण आहे?" काउंटरवरची बाई ओरडली.

क्लाइव्ह पुढे झाला आणि हिसका बसून जागीच थांबला. त्याचा हूक रांगेच्या लोखंडी कठड्याला अडकवलेला होता.

"आयला! हा कधी अडकवला मी?"

"बरं, उद्या तूच वर जा," नोलीन म्हणाली. "पण तिथे हूक पाळण्यातल्या कडीला लाव, कठड्याला नाही. आणि आता सोडव तो, मागे माणसं भुकेली आहेत."