पेटीतल्या चौदा वह्या

दि. ९ मार्च १९८१, सकाळी ११ वाजता

मी प्रेमिला रुपराव गजभिये, वय ४३ वर्षे, व्यवसाय प्राथमिक शिक्षिका, राहणार इंदोरा, नागपूर. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून जबाब देते तो असा –

मी दिवसा शाळेत शिकवते व जानेवारी १९८० पासून संध्याकाळी सात ते साडेआठ प्रौढ साक्षरता वर्ग घेते. वर्गात छत्तीसगडहून आलेले, बांधकामावर विटा-गारा वाहणारे चौदा स्त्री-पुरुष होते. त्यांना मराठी लिहिणे-वाचणे शिकवणे हे माझे काम. वर्ग मनोहरराव यांच्या ओसरीत भरत असे. मनोहरराव आमच्या वस्ती समितीचे सचिव असून माझ्या मयत पतीचे मित्र आहेत. मला ते वैनी म्हणतात. वह्यांची लोखंडी पेटी त्यांच्याच ओसरीत असे. एक चाबी माझ्याकडे, एक त्यांच्याकडे.

अक्षरओळख झाल्यावर लिहायचा पहिला धडा 'माझी ओळख' असा होता. नाव, गाव, नागपूरला केव्हा आलो. चौदाही जणांनी लिहिले की आम्ही लहानपणापासून नागपूरचे. रेशनच्या दुकानात व कामावर ते तसेच सांगत. प्रत्यक्षात ते दोन-तीन वर्षांपूर्वी आलेले होते, हे मला ठाऊक होते. मी ती ओळ लाल शाईने खोडली व म्हणाले, "बोलण्यात गेलं तं गेलं, लिवलेलं राहते. कागदावर खोटं लिवाचं नाही." त्यावर बिसाहिन नावाच्या बाईने विचारले, "कोन पाहीन मंग?" मी म्हणाले, "मीच पाहीन. वही पेटीबाहेर जाणार नाही." असा शब्द दिल्यावर सर्वांनी खरे गाव व खरे साल लिहिले.

यंदा वस्तीचा सर्व्हे झाला. दहा वर्षे राहणाऱ्यालाच जागा मिळणार होती. या चौदा घरांसाठी शेजारी साक्ष द्यायला तयार होते. मीही गप्प बसणार होते, हे लपवत नाही.

दि. १८ फेब्रुवारीला सर्व्हेच्या साहेबांसमोर या चौदा जणांची चौकशी होती. मी सोबत गेले. साहेबांच्या टेबलावर वह्यांचा गठ्ठा होता. वर्तमानपत्राची कव्हरे मीच घातलेली, म्हणून लगेच ओळखल्या. साहेब एकेकाला वही उघडून दाखवत व "हे अक्षर तुझंच का?" असे विचारत. बिसाहिनने वही पाहिली व हसून सांगितले, "हो जी, मायाच हातचं आहे." बाकीच्यांनीही तसेच सांगितले. त्यांच्या अक्षराबद्दल आजवर कोणी विचारलेच नव्हते. मी उठून हरकत घेतली. साहेब म्हणाले, "बाई, लाल शाई तुमचीच ना?" मी हो म्हणाले. चौदाही नावे जागेच्या यादीतून गेली.

पेटीचे कुलूप शाबूत होते. मी मनोहररावांना जाब विचारला. ते म्हणाले, "हे लोकं इथले नोहत, वैनी. आपल्याच पोराइले जागा नाही. अन् मी का खोटं केलं? खरं लिवाले तं तुमीच शिकवलं." रिकाम्या झालेल्या जागांपैकी पाच त्यांच्या भावकीत गेल्या. कुंपणानेच शेत खाल्ले. माझ्या नवऱ्याला खांदा दिलेला हा माणूस, त्याला चाबी देताना मी दुसरा विचार केला नव्हता. मला राग आहे व त्याहून जास्त लाज वाटते.

हवालदारांनी वह्यांची किंमत विचारली. ती मला सांगता येत नाही. कुलूप फुटले नाही म्हणून चोरी होत नाही, असेही ते म्हणाले. मग जे होते ते लिहावे. कलम आपण पाहावे.

दि. ६ मार्चला सकाळी झोपड्या पाडल्या. मी तेथे गेले. पुरुष छपराचे बासे उचलत होते. बिसाहिन पोत्यात भांडी भरत होती. मी मनोहररावांचे नाव सांगू लागले. तिने ऐकून घेतले नाही. ती म्हणाली, "बाई, झूट बोलाले तं आमाले येत होतं. लिवाले काहून नाही देलं तुमी?" दुपारी ते सर्व कोठे गेले, मला माहीत नाही.

माझा जबाब मला वाचून दाखवला, मी स्वतःही वाचला. मी सांगितले तसाच लिहिला आहे. यात खोटे काही लिहिलेले नाही.

जबाब देणार
(सही) प्रेमिला रुपराव गजभिये