लाल ज्वारी

माय गेली त्याच्या आदल्या दिवशी शालिनी तिच्यासोबत संग्रामपूरला रेशनच्या रांगेत उभी होती. अमेरिकेची लाल ज्वारी आली होती. पुढं शेजारची तानुबाई भिमाबाईशी बोलत होती.

"अमेरिकेत म्हणे हे ज्वारी ढोराईले घालतात."

"मंग तिथच्या ढोराईचं बरं आहे, बाई. आपल्या आधी जेवतात."

"न् सातपुड्याच्या पल्याड पांढरी ज्वारी पडून आहे. माह्या भावानं एक पोतं आणलं, तं नाक्यावर शिपायानं धरलं. दुसऱ्या राज्यातलं धान्य इकडे आणता येत नाही म्हणे."

"म्हणजे समुद्र ओलांडून येते, पण डोंगर उतरून येत नाही."

"काय करता? तुमच्या घरी कोण खाते हो हे, रुखमाबाई?" तानुबाईनं मागं वळून मायला विचारलं.

"मीच खातो," माय म्हणाली. "मले आवडते. वावरातली पांढरी पोरीले. तिले दिवसभर शाळेत शिकवा लागते."

"आवडते? धन्य आहे तुमची."

शालिनीनं पिशवी सावरली आणि रांगेत पुढं सरकली.

तेरवीला मायच्या नावानं पान वाढलं. तानुबाईनं घरून लाल भाकर करून आणली आणि त्या पानावर ठेवली.

"तिले आवडे, म्हणून मुद्दाम केली हो."

शालिनीनं ती भाकर उचलून आपल्या ताटात घेतली. मायच्या पानावर पांढरी ठेवली आणि सगळ्यांदेखत म्हणाली,

"माय, तुले लाल कधीच आवडली नाही. मले पह्यल्या दिवसापासून ठाऊक होतं. आज पांढरी तू खाय. लाल मी खातो."