भूल उतरताना

पडद्यापलीकडच्या खाटेवर ऑपरेशन झालेला जावई भुलीतच बडबडत होता. अलीकडच्या खाटेवरचा शिंपी कान देऊन ऐकत होता.

"माझीच उणीदुणी काढत असतील," सासू म्हणाली.

"आई, हळू बोल," मुलगी म्हणाली.

"बायबलात सांगितलंय, मनात भरलेलं असतं तेच तोंडातून निघतं. लग्नापासून माझ्याशी धड दोन शब्द बोलले नाहीत. आज कळेल काय ते."

"ऐक तरी."

"आईंना घरी पाठव," जावई पुटपुटला. "सकाळपासून बाकावर बसल्यात. पाठ धरेल त्यांची."

"कुणाच्या आईला म्हणतायत गं?"

"तुलाच."

"माझी पाठ धरते, हे तू सांगितलंस?"

"मी नाही."

"आणि मी म्हणालो म्हणून सांगू नकोस," जावई म्हणाला. "डोक्यावर बसतील."

शिंप्याने पोटावरचे टाके धरून हसू दाबलं.

"बसणारच," सासू डोळे पुसत म्हणाली.