गार्सा धरणाचा तळ

आजच्या या समारंभाच्या अध्यक्ष आणि गार्सा धरणाच्या पाणीवापर समितीच्या प्रमुख दोना इराची. व्यासपीठ भूषवणारे महापौर महोदय आणि आपले फादर. जिल्हा कार्यालयातून तीन तास धूळ खात आलेले माझ्या खात्यातले तरुण अभियंते. आजचे सत्कारमूर्ती, यंदा निवृत्त झालेले सेऊ लिबोरियो. त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी दोना झुल्मीरा. आणि भिंतीला टेकून उभे असलेल्यांसह या सभागृहातल्या सर्व बंधुभगिनींनो,

मला दहा मिनिटं दिली आहेत. निवृत्त अभियंत्याला दहा मिनिटं देणं म्हणजे धरणाची झडप उघडून चावी हरवण्यासारखंच आहे, हे संयोजकांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. तरी मी प्रयत्न करतो.

या गावात मी पहिल्यांदा आलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. धरण नुकतंच बांधून झालं होतं. भिंतीवर उभा राहिलो आणि समोर पहिलं पाणी पाहिलं, गुडघाभर, तांबूस. मला शाळेतल्या आमच्या बाई आठवल्या. त्या आम्हाला दुष्काळावरच्या कविता पाठ करायला लावायच्या. सबंध ब्राझीलमध्ये पोरं समुद्रावरच्या कविता म्हणत असतील, आम्ही या कोरड्या सेर्तांवची पोरं ढगांवरच्या म्हणायचो. त्या कवितांमध्ये चौथ्या ओळीला ढग हमखास यायचा. कवितेत यमकाला गरज पडली की पाणी येतं. नोकरीत तसं नसतं, हे कळायला मला फार वर्षं लागली. पण कविता म्हणायची खोड काही सुटली नाही, आणि आज मला जे सांगायचं आहे त्यात त्या खोडीचाही वाटा आहे.

तर सेऊ लिबोरियो. धरण भरलं त्या पहिल्या वर्षापासून ते इथले झडपवाले. सकाळी सहाला भिंतीवरून चालत जायचं, पाण्यातल्या मोजपट्टीवर पातळी वाचायची, वहीत लिहायची. तेवीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. मुलीचं लग्न होतं त्या दिवशीसुद्धा सूट चढवून, बूट हातात धरून भिंतीवर गेले होते. मी म्हटलं, ‘‘अहो, आज तरी दुसऱ्या कुणाला पाठवायचं!’’ तर म्हणाले, ‘‘डॉक्टर, नवरामुलगा पळून जाणार नाही, पाण्याचं सांगता येत नाही.’’ आमच्याकडे मानाने पुरुषाला सेऊ म्हणतात, बाईला दोना, आणि खिशाला पेन दिसलं की डॉक्टर. मी एकही रोगी बरा केलेला नाही.

हे सगळं मी कागदावर लिहून आणलं होतं. असे आणखी चार किस्से आहेत. ते सांगून, मानपत्र वगैरे जे काय द्यायचं ते देऊन, मी खाली बसणार होतो. पण आत्ता, माझ्या आधी, दोना इराची बोलल्या. त्या काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलंत. ‘‘माणूस चुकतो. पण आपण सेर्तांवची माणसं मनात ठेवत नाही. सेऊ लिबोरियोंना आपण केव्हाच माफ केलं आहे.’’ आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मनापासून वाजवल्यात, मी पाहत होतो. सेऊ लिबोरियोंनी मान खाली घालून त्या स्वीकारल्या. दोना झुल्मीरांनी मात्र टाळी वाजवली नाही.

दोना इराची, तुम्ही मोठ्या मनाने माफ केलंत. पण कशाबद्दल?

अकरा वर्षांपूर्वीची जूनमधली सभा. आपला पाऊस मे अखेरीला संपतो, तसा तो संपला होता आणि नेहमीप्रमाणे शाळेत तुम्ही सगळे जमला होतात. गावच्या नळाला किती, मासेमारांसाठी किती, खालच्या खरबुजांच्या बागांना किती पाणी सोडायचं, हे आपण हात वर करून ठरवतो. मला या पद्धतीचा फार अभिमान वाटायचा. पण हात वर करायचा तो कशाच्या भरवशावर? खात्याच्या तक्त्याच्या. पट्टीवर पातळी वाचायची आणि तक्त्यात त्या पातळीसमोर किती पाणी लिहिलंय ते पाहायचं. तक्ता धरण बांधलं तेव्हाचा. त्यानंतर तेवीस पावसाळ्यांचा गाळ धरणात येऊन बसला होता. तळ वर आला होता. पट्टी तेवढीच पातळी दाखवत होती, पण त्या पातळीखाली पाणी उरलं होतं कमी. गाळ मोजायला हवा, असं पत्र मी दर वर्षी लिहायला घ्यायचो आणि दर वर्षी ते राहून जायचं.

सभेच्या आठवडाभर आधी सेऊ लिबोरियो माझ्याकडे आले. टोपी हातात. म्हणाले, ‘‘डॉक्टर, तुमचा तक्ता खोटं बोलतोय.’’

‘‘काय झालं?’’

‘‘मी मासे धरतो ना होडीतून, झडपेच्या बुरुजापाशी. पट्टीवर एवढीच पातळी असताना गळाचं शिसं पूर्वी सात वाव खाली जायचं. आता साडेचार वावांवर चिखलात बसतं. सगळीकडे टाकून पाहिलं. पाणी दिसतं तेवढं नाहीये. जानेवारीपर्यंत पुरणार म्हणून सांगू नका लोकांना.’’

मी हसलो. ‘‘म्हणजे आता खात्याने तुमच्या गळावर धरणं चालवायची?’’

‘‘चालवा की,’’ ते म्हणाले, ‘‘गळाला तरी तळ लागतो.’’

मला राग आला. सरळ सांगतो, का आला ते. माझं नाव विभागप्रमुखाच्या जागेसाठी वर गेलं होतं, आणि त्याच महिन्यात माझ्याच धरणाचा तिसरा हिस्सा गाळाने भरला आहे आणि मला पत्ता नाही, हे माझ्या कपाळावर लिहिलं गेलं असतं. हे कारण मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं, कारण त्यात निदान हाव आहे, आणि हाव माणसाला समजते. खरं कारण त्याहून क्षुद्र होतं. जे मला कळायला हवं होतं ते एका माणसाला मासे धरताना कळलं, हे मला सहन झालं नाही.

मी म्हटलं, ‘‘सेऊ लिबोरियो, सभेत हे काढू नका. लोक घाबरतील. पाऊस झाला की मी मोजणी करून घेतो, माझा शब्द.’’ त्यांनी टोपी डोक्यावर घातली. ‘‘तुमचा शब्द असेल तर माझं तोंड बंद,’’ म्हणाले.

आणि सभेत मी भिंतीवर आलेख दाखवला. पाणी पुढच्या पावसापर्यंत, म्हणजे जानेवारीपर्यंत पुरतं, बागांनाही सोडता येतं. सेऊ लिबोरियो शेवटच्या बाकावर बसले होते. माझ्याकडे पाहत नव्हते. कुणीतरी विचारलं, ‘‘डॉक्टर, नक्की ना?’’ मी उत्तर द्यायच्या ऐवजी कविता म्हटली. माझीच, शाळकरी चालीची.

निळा डोळा जागा आहे डोंगराच्या उशाशी,
झोप, गावा, झोप सुखाने, तहान नाही कुणापाशी.

तुम्ही टाळ्या वाजवल्यात, आणि मग तेच हात वर गेले.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात नळ कोरडे पडले. चिखलात मासे उलटे पडले आणि त्यांचा वास चर्चच्या आतपर्यंत आला. पाण्याच्या ट्रकमागे तुम्ही डबे घेऊन उन्हात उभ्या होतात, दोना इराची, तुमचे वडील आजारी असताना. सगळ्यांचा प्रश्न एकच होता. तक्त्यात पाणी होतं, मग गेलं कुठे? आणि उत्तर सोपं होतं. झडपेची चावी लिबोरियोकडे असते. त्यानेच चोरून पाणी सोडलं खरबुजांना. त्यानेच वहीत खोटी पातळी लिहिली.

चौकशी झाली. मला एकच प्रश्न विचारला, तक्ता बरोबर आहे का? मी काय उत्तर दिलं, ते शब्दशः सांगतो, कारण अकरा वर्षांत ते मी विसरू शकलेलो नाही. मी म्हणालो, ‘‘तक्ता खात्याने मंजूर केलेला आहे. नोंदींबद्दल मी खात्री देऊ शकत नाही.’’

यात खोटा शब्द एकही नाही. एवढं स्वच्छ वाक्य मी आयुष्यात दुसरं उच्चारलं नसेल.

सेऊ लिबोरियोंना विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का? ते माझ्याकडे बघत राहिले. मी कागद चाळत होतो. ते म्हणाले, ‘‘नाही.’’ त्यांना वाटलं असेल, मी शब्द दिला होता, मीच बोलेन. त्यांच्या सेवापुस्तकात ‘नोंदी संशयास्पद’ असा शेरा पडला. त्यांना एकशेतीस किलोमीटरवरच्या पंपघरात पाठवलं. मला विभागप्रमुख केलं.

त्यांच्या जाण्याआधीच्या शनिवारी बाजारात मी चीज घेत उभा होतो. शेजारच्या फळांच्या गाडीवर दोना झुल्मीरा आल्या. गाडीवाल्याने एक खरबूज त्यांच्यापुढे धरलं आणि मोठ्याने म्हणाला, ‘‘घ्या, घ्या, दोना झुल्मीरा! तुमच्याच पाण्यावर वाढलंय!’’ लोक हसले. त्यांनी पिशवीची घडी घातली आणि काही न घेता निघून गेल्या. मी तीन हातांवर होतो. मी चीज चाखून पाहिलं आणि म्हटलं, जरा खारट आहे.

काय म्हणालात, सेऊ लिबोरियो? जेवण थंड होतंय? होऊ द्या. आज तुम्ही मला गप्प करू नका. एकदा मी तुम्हाला गप्प केलं, तेवढं दोघांना पुरे झालं.

मित्रहो, म्हाताऱ्याच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून मी तुमचं जेवण अडवलेलं नाही. यंदा किती वर्षांनी सांडवा वाहिला! पोरंटोरं, म्हातारेकोतारे, सगळे त्या पाण्याखाली जाऊन उभे राहिलात, फटाके उडवलेत. मीही बूट काढून उभा होतो. आणि येत्या गुरुवारी तुम्ही पुन्हा हात वर करणार आहात. कोणत्या तक्त्यावर? त्याच. चौकशीत दोष माणसाचा ठरला, मग तक्ता कोण बदलणार? खात्याने माणूस काढून यंत्र बसवलं. ते यंत्र पातळी अचूक सांगतं, तळाबद्दल काही सांगत नाही. मधली वर्षं धरणात वाटण्याजोगं पाणीच नव्हतं, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. यंदा धरण काठोकाठ दिसतंय. ते तसं नाही. तरुण मित्रांनो, तुम्ही मागे बसून मान डोलवता आहात, म्हणजे तुम्हालाही शंका होती. मग तुमचंही पत्र राहून गेलं असेल. राहू देऊ नका.

हे सगळं मी लिहून, खाली सही करून, काल दुपारी मुख्य कार्यालयाला टपालाने पाठवलं. आधी पाठवलं नसतं तर आज इथे एखादी कविता म्हणून मी खाली बसलो असतो. माझी मला चांगली ओळख आहे. त्याची एक प्रत समारंभानंतर दोना इराचींना गुपचूप देणार होतो, ती आता सगळ्यांसमोर त्यांच्या हातात देतो आहे. माझी त्यांना विनंती आहे की गाळ मोजला जाईपर्यंत गुरुवारचं मतदान थांबवावं, आणि आजच्या इतिवृत्तात असं लिहावं की लिबोरियो यांच्या तेवीस वर्षांच्या नोंदींमध्ये एकही नोंद खोटी नव्हती. ‘माफ केलं’ हा शब्द खोडून टाकावा. माफ करण्यासारखं त्यांनी काही केलेलं नाही.

दोना इराची, तुम्ही मान डोलावलीत. ते मोठ्याने म्हणाल का? चिटणीसांना मान लिहिता येत नाही.

आभारी आहे. ‘‘थांबवलं’’ म्हणाल्या त्या. मागे ऐकू आलं का? गुरुवारचं मतदान थांबवलं.

मला इथे बोलावल्याबद्दल समितीचे, आणि एवढा वेळ शांतपणे ऐकल्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार. वेळ खूप घेतला, मान्यवरांची नावं घेताना मागेपुढे झालं असेल, सणासुदीच्या जेवणाआधी कडू बोललो, या सगळ्याबद्दल उदार मनाने मला क्षमा करावी. टाळ्या मात्र वाजवू नका, ही कळकळीची विनंती.

दुसरी जी क्षमा आहे, ती मी इथे मागत नाही. मायक्रोफोनवर मागितली तर सभ्य माणसाला ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि सेऊ लिबोरियो सभ्य आहेत. दोना झुल्मीरा, उद्या सकाळी दहा वाजता मी तुमच्या दाराशी येईन, एकटा. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.